एकदाच उडालेलं घर

घर एकदाच उडवता येणार होतं. अ‍ॅरिझोनात केअरफ्री गावाजवळ, खडकांच्या कुशीत बसवलेला एक श्रीमंती बंगला होता. इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अंतोनिओनीनं आपल्या सिनेमासाठी त्याची प्रतिकृती उभी केली, तिच्यात स्फोटकं पेरली आणि चहूबाजूंनी 17 कॅमेरे रोखले. फसलं तर दुसरा टेक नाही.

पडद्यावर मात्र ते घर उडायचं थांबतच नाही. लांबून उडतं, जवळून उडतं, कडेनं, खालून. धुराचा लोळ विरतोय न विरतोय तोच पुन्हा धडधाकट उभं दिसतं आणि पुन्हा उडतं. मग घर संपतं आणि घरातल्या वस्तूंची पाळी येते. कपड्यांनी भरलेला रॅक. टीव्ही. फ्रीज, आणि त्यातून निळ्या आभाळात सांडत जाणारं सगळं खाणं, पावाच्या पाकिटासकट. शेवटी पुस्तकं, पानं पसरून. वेग इतका मंद केलाय की काही फुटतंय याचा विसर पडतो. आणि या सगळ्यावर पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं संगीत, आधी दबकत येणारं आणि मग किंकाळी फोडणारं. 1970 सालच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’चा हा शेवट.

माझ्या भाचीला हा तुकडा फोनवर आला. कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी टाकलेला, नाव नाही, गाव नाही. “मावशी, हे एआयनं केलंय ना?” मी तिला 17 कॅमेऱ्यांची गोष्ट सांगितली. तिनं तो तुकडा परत लावला, या वेळी फोन डोळ्यांजवळ धरून. “म्हणजे हे खरंच फुटलंय?” मग तिला अख्खा सिनेमा बघायचा होता. मी म्हटलं, बघ, पण लोकांनी त्याला फार वाईट म्हटलंय हं. “किती वाईट?”

इतकं वाईट, की 1978 साली हॅरी मेडवेडनं आजवरच्या सर्वांत टाकाऊ 50 सिनेमांचं पुस्तक काढलं, त्यात हा होता. समीक्षक रॉजर ईबर्टनं त्याला सरळ मूर्ख ठरवलं. पॉलिन केल या समीक्षिकेला तो कसाबसा रचलेला, ढासळत चाललेला एक अवाढव्य भग्नावशेष वाटला. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओनं सुमारे 70 लाख डॉलर ओतले होते. अमेरिकेतला गल्ला 10 लाखांच्याही आत राहिला. आदल्याच वर्षी ‘ईझी रायडर’ 4 लाखांच्या आसपास खर्चात झाला होता आणि त्यानं पैशांच्या राशी लावल्या होत्या. म्हणजे केस वाढवलेल्या पोरांचे सिनेमे चालत नव्हते असं नाही. हाच चालला नाही.

आमच्या घरात या सिनेमाविषयीचं सर्वांत जुनं आणि सर्वांत ठाम मत मामांचं आहे. मामा सत्तरीच्या दशकात मुंबईत फिल्म सोसायटीचे सभासद होते. बदली-बिदली काही आडवी आली नाही तर शनिवार-रविवार तिथेच. अंतोनिओनी त्यांचा देव. 1977 साली तो दिल्लीच्या महोत्सवाला आला होता, तेव्हाचा ताजमहालासमोरचा फोटो अनेकांनी पाहिला असेल: अंतोनिओनी, जपानचा कुरोसावा आणि सत्यजित राय एका रांगेत. मामांच्या पिढीला तो फोटो देवघरात लावायचंच तेवढं बाकी होतं. तर या मामांना मी कॉलेजात असताना विचारलं होतं, तुम्ही त्याचा अमेरिकेतला सिनेमा पाहिलात का? “तो ना? तेवढा एक फसला बघ त्याचा. पार फसला.”

पुष्कळ वर्षांनी उलगडलं, की मामांनी तो पाहिलेलाच नव्हता. पाहणार कुठे? आपल्याकडच्या सोसायट्यांना प्रिंट्स यायच्या त्या बहुतेक वकिलातींकडून, आणि आपल्याच देशाचं घर उडवणारा, वर आपल्याच देशात आपटलेला सिनेमा कुठली वकिलात प्रेमानं पाठवेल? आली ती परीक्षणं. परदेशी मासिकं वाचनालयात पडलेली असत, ती हातोहात फिरत. सिनेमा जिथे पोचला नाही तिथे त्याची बदनामी वेळेवर पोचली होती. मामांचं मत उसनं होतं, पण गंमत म्हणजे त्यांनी ते इतकी वर्षं वापरलं, की ते त्यांच्या अंगालाच येऊन बसलं.

आणि माझं? माझ्याकडे हा सिनेमा कानातून आला. हॉस्टेलवर फ्लॉइडच्या कॅसेटी एकीवरून दुसरीवर उतरवलेल्या असायच्या, खरखर धरून. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही त्यांची रेकॉर्ड पाठ होती. त्यातलं ‘अस अँड देम’ हे गाणं मुळात या सिनेमासाठी बँडमधल्या रिचर्ड राइटनं पियानोवर बांधलेली चाल होती, हे कळलं तेव्हा आम्हाला खजिना सापडल्यासारखं झालं. 1969 च्या अखेरीस बँड रोममध्ये जाऊन आठवडेच्या आठवडे बसला होता. चाल होती कॅम्पसवरच्या दंगलीच्या दृश्यासाठी: पोलिसांची लाठी चालते आहे आणि मागे हा संथ, दुखरा पियानो. अंतोनिओनीनं ती परत केली. बँडमधल्याच रॉजर वॉटर्सच्या आठवणीप्रमाणे त्याचं म्हणणं पडलं, की सुंदर आहे, पण फार उदास आहे, चर्चची आठवण होते. तीन वर्षांनी तीच चाल जगातल्या सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डांपैकी एकीवर गेली. फ्लॉइडच्या भक्तांनी या नकाराबद्दल अंतोनिओनीला कधी क्षमा केली नाही. मी केली आहे. ती चाल त्या दंगलीवर बसली असती तर दंगल पवित्र झाली असती, आणि या माणसाला ते नको होतं एवढं तरी दिसतं.

तर मामांकडे परीक्षणातून, माझ्याकडे कॅसेटमधून, भाचीकडे फोनवरच्या दोन-तीन मिनिटांतून. तिघांपैकी एकाकडेही सिनेमा आधी सिनेमा म्हणून आला नाही. पडलेल्या सिनेमाचं नाव पुढे कसं सुधारतं, याबद्दल आपण बहुतेकदा असं बोलतो की काळ पुढे सरकला, प्रेक्षक शहाणे झाले, अखेर न्याय झाला. मला ते पटत नाही. माझ्या मते सुधारणा होते ती वाट बदलल्यामुळे. सिनेमाचा जो तुकडा सर्वांत आधी हाती लागतो, त्याच्यावरून उरलेल्याचा भाव ठरतो. 1970 मध्ये पहिल्यांदा हाती लागत होत्या त्या जाहिराती आणि मुलाखती. 2009 साली त्याची डीव्हीडी आली, आणि तोवर इंटरनेटही आलेलं होतं. आता पहिल्यांदा हाती लागतो तो शेवट. ज्याच्या पोतडीत असा शेवट आहे, त्याच्या मधल्या कंटाळ्यालाही लोक खोली समजायला तयार होतात.

एमजीएमनं पैसे का घातले हे समजून घेतलं पाहिजे. अंतोनिओनीचा ‘ब्लो-अप’ लंडनमध्ये चित्रित झालेला, 1966 चा. तो धो धो चालला आणि पुढच्या वर्षी कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कारही मिळाला. निर्माता कार्लो पोंती आणि एमजीएम यांच्यातल्या करारात त्याचे आणखी इंग्रजी सिनेमे होतेच. स्टुडिओचा हिशेब साधा: या इटालियन गृहस्थानं लंडनची तरुणाई विकून दाखवली, आता अमेरिकेची विकेल. अंतोनिओनी तेव्हा पंचावन्न उलटलेला. 1968 च्या ऑगस्टमध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी जो अश्रुधूर सोडला, तो त्यानंही खाल्ला. नाटककार सॅम शेपर्डसकट पाच जणांची नावं पटकथेवर आहेत. सुरुवातीच्या विद्यार्थी-बैठकीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या कॅथलीन क्लीव्हर खुद्द बसलेल्या दिसतात, आणि तो भाग आजही माहितीपटासारखा ताजा वाटतो; सगळे एकमेकांचं बोलणं तोडताहेत, कुणाचंच कुणाशी पटत नाहीये. चळवळीतल्या बैठका ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना हसू येईल.

पुढे गोष्ट अशी नाहीच. कॅम्पसवर पोलीस मरतो. मार्क नावाच्या मुलानं गोळी घातली की नाही, स्पष्ट होत नाही. तो एक लहान विमान पळवतो. डारिया नावाची मुलगी जुन्या ब्युइक गाडीतून वाळवंट पार करत मालकाकडे, एका जमीन-विकासकाकडे, निघालेली असते. दोघं डेथ व्हॅलीत भेटतात. तो विमान परत करायला जातो आणि मारला जातो. ती मालकाच्या बंगल्यावर पोचते, आणि मग ते 17 कॅमेरे. बस.

ज्या जागी ते भेटतात ती झाब्रिस्की पॉइंट नावाची जागा म्हणजे आटून गेलेल्या सरोवराचा गाळ आहे, पिवळट, सुरकुतलेला. नाव पडलंय बोरॅक्स हे खनिज काढणाऱ्या कंपनीच्या एका उपाध्यक्षावरून. व्यवस्थेतून पळालेली ही दोघं अखेर कंपनीच्या अधिकाऱ्याच्या नावाच्या टेकडीवर प्रेम करतात, आणि मला खात्री आहे की अंतोनिओनीला हे ठाऊक होतं. तिथे जोसेफ चायकिनच्या ओपन थिएटर या नाट्यसंस्थेतल्या कलावंतांना घेऊन त्यानं तो बहुचर्चित प्रसंग केला, ज्यात धुळीनं माखलेली जोडपीच जोडपी अचानक टेकड्यांवर उगवतात. सॅक्रामेंटोच्या सरकारी वकिलांनी चौकशी लावली, की अनैतिक कामासाठी बायकांना राज्याच्या सीमेपार नेलं का. काही निष्पन्न झालं नाही. प्रसंगही, माझ्या मते, काही निष्पन्न करत नाही. त्यामागे वाजणारी जेरी गार्सियाची गिटार सुंदर आहे, डोळे मिटून ऐकावी.

मग 9 फेब्रुवारी 1970 ला सिनेमा लागला आणि सगळेच चिडले. स्टुडिओची मालकी मधल्या काळात कर्क कर्कोरियन या उद्योगपतीकडे गेली होती. ज्यांनी पैसे मंजूर केले ते निघून गेलेले, आणि जे आले त्यांना हे बाळ नको होतं. शेवटी एक विमान आभाळात धुरानं अमेरिकेला शिवी लिहितं असं दृश्य होतं, ते कापून टाकण्यात आलं. देशभक्तांना हा परका माणूस आगाऊ वाटला. हे अपेक्षितच होतं. पण ज्यांच्यासाठी केला ती पोरंही रुसली, आणि माझं लक्ष तिथे अडकतं. त्यांना पडद्यावर आपण दिसायला हवे होतो. दिसले दोन सुंदर चेहरे, ज्यांना वाक्य धड म्हणता येत नव्हतं, आणि भोवती आपल्या गावातल्या पाट्या. त्यांच्या दृष्टीनं ही फसवणूकच होती. त्या वेळी तिथे सगळं इतक्या वेगानं घडत होतं, की सिनेमा लागल्यावर तीन महिन्यांतच, 4 मे रोजी, ओहायोत केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी चार विद्यार्थी मारले. अशा हवेत टीव्हीच्या संथ स्फोटाकडे कौतुकानं बघत बसायला कुणाला सवड होती?

इटलीत मात्र आल्बेर्तो मोराव्हियासारखा लेखक त्याच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे कौतुक अगदी पहिल्या दिवसापासून होतं. फक्त ते अमेरिकेपर्यंत आणि आमच्या मामांच्या वाचनालयापर्यंत पोचलं नाही.

एक गोष्ट मामांनाही माहीत होती, पण त्यांनी ती कधी जोडून पाहिली नव्हती. अमेरिकेनं अंतोनिओनीला अमेरिकाद्वेष्टा ठरवल्यावर दोनच वर्षांनी तो चीनला गेला, सरकारच्या निमंत्रणावरून, आणि ‘चुंग कुओ’ हा लांबलचक माहितीपट करून आला. जानेवारी 1974 मध्ये तिथल्या सरकारी वृत्तपत्रानं त्याच्यावर आग पाखडली, की या माणसाचा हेतू दुष्ट आहे आणि त्यानं मुद्दाम चीनची बदनामी केली. तो माहितीपट बीजिंगमध्ये लोकांना बघायला मिळाला तो 2004 साली. दोन महासत्ता, एकमेकींच्या कट्टर वैरी, आणि या एका माणसाबद्दलची तक्रार जवळपास एकच: आम्ही दाखव म्हटलं ते सोडून हा भलतीकडेच बघत बसतो.

भलतीकडे बघणं हीच त्याची कला होती, आणि भाचीनं ते माझ्याआधी पकडलं. सिनेमाचा पहिला अर्धा तास तिनं फोनला हात न लावता पाहिला, आणि हे मी कौतुकानं नोंदवते. तिला मार्क-डारियाशी काही देणं-घेणं नव्हतं. दोघं बोलायला लागली की ती जांभया द्यायची. तिला पाट्या आवडल्या. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून कॅमेरा जातो तेव्हा चौकट जाहिरातींनी इतकी गच्च भरते की माणूस शोधावा लागतो. मग तो विकासक आणि त्याची ‘सनी ड्यून्स’ नावाची वाळवंटातली वसाहत, आणि तिची जाहिरात, ज्यात माणसांच्या जागी सगळे पुतळेच आहेत: पुतळ्यांचा बाबा गोल्फ खेळतोय, पुतळ्यांची आई बागेत. भाची म्हणाली, “मावशी, हे तर आपल्या हायवेवरच्या टाउनशिपसारखंच आहे गं.” आहेच. कर्जत-नेरळपासून लोणावळ्यापर्यंत डोंगर कापून ज्या ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ योजना उभ्या राहिल्यात, त्यांच्या फलकांवर हसणारं कुटुंब असतं ते मला नेहमी प्लॅस्टिकचंच वाटत आलंय.

1970 मध्ये या दृश्यांना परीक्षकांनी फार किंमत दिली नाही. परक्या माणसाला पाट्यांचं अप्रूप, म्हणून सोडून दिलं. त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकला होता: आमची तरुण पिढी अशी आहे का? तो प्रश्न विचारणारी पिढी आता नातवंडं खेळवते आहे. प्रश्न गेला आणि पाट्या राहिल्या. मामांच्या डोक्यातला हिप्पी तर वेगळाच होता, गोव्याला कळंगुट-हणजूणच्या वाळूत पाहिलेला, आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’त चिलीम ओढणारा. तो देव आनंदचा सिनेमा 1971 चा, आणि चांगला चालला. त्यात बिघडलेली पोरं आईबापांमुळे बिघडतात हे स्वच्छ सांगितलेलं होतं. स्वच्छ सांगितलेलं चालतं.

मात्र एक गोष्ट मला या नव्या कौतुकात खटकते. सिनेमातला मार्क झालेला मार्क फ्रेशेट. हा बोस्टनमध्ये सुतारकाम करणारा विशीतला मुलगा, बस थांब्यावर कुणाशी तरी कडाकडा भांडत असताना कास्टिंगवाल्यांच्या नजरेत भरला. अभिनयाचा गंध नाही. तो मेल लायमन नावाच्या माणसाभोवती जमलेल्या फोर्ट हिलच्या समुदायात राहायचा. सिनेमाची मिळकतही तिकडेच गेली. सिनेमा लागल्यावर त्याला आणि डारिया झालेल्या डारिया हॅलप्रिनला डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमात बसवलं होतं, ती मुलाखत आज कुणालाही बघता येते. एकेका शब्दाची उत्तरं, अवघडलेले पाय, आणि प्रेक्षकांचं हसू. अभिनय येत नाही म्हणून ज्याला सगळ्यांनी झोडपलं, तो तिथेही तसाच आहे, म्हणजे पडद्यावर त्यानं काही केलंच नव्हतं, तो फक्त होता.

ऑगस्ट 1973 मध्ये त्यानं दोन साथीदारांसह बोस्टनच्या रॉक्सबरी भागातली बँक लुटायचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट प्रकरणाच्या सुनावण्या टीव्हीवर बघून आपण पेटलो होतो, असं त्यानं नंतर सांगितलं. लूट हा त्याच्या लेखी राजकीय निषेध होता. एक साथीदार पोलिसांच्या गोळीनं जागीच गेला. फ्रेशेटच्या बंदुकीत गोळ्या नव्हत्या. त्याला 6 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यानं कैद्यांना घेऊन निक्सनच्या व्हाइट हाउसमधल्या ध्वनिमुद्रित संभाषणांचं नाटक बसवलं. हे वाचून मी थबकले होते, कारण दिग्दर्शनाची हौस त्याला नेमकी कुठून लागली असेल याचा अंदाज येतो. सप्टेंबर 1975 मध्ये व्यायाम करताना वजनाचा दांडा गळ्यावर पडलेल्या अवस्थेत तो सापडला. वय 27.

आता यावर जे लिहिलं जातं त्यात हा मृत्यू मसाल्यासारखा टाकलेला असतो, की बघा, सिनेमातला मार्क मेला तसाच खरा मार्कही गेला, केवढी भविष्यवाणी! मला हे किळसवाणं वाटतं. सिनेमाला वजन यावं म्हणून एका माणसाचा जीव तराजूत टाकायचा नसतो. डारिया हॅलप्रिनचं कुणी इतकं सांगत नाही, कारण ती नीट जगली. नर्तकी अ‍ॅना हॅलप्रिन यांची ती मुलगी. अभिनय लवकरच सोडला, 1978 मध्ये आईबरोबर कॅलिफोर्नियात तमाल्पा इन्स्टिट्यूट काढली आणि नृत्यातून, हालचालीतून माणसं बरी करण्याचं काम करत राहिली. यात भविष्यवाणी नाही, म्हणून लेखही नाहीत.

मामांना आम्ही दोघींनी मिळून मागच्या दिवाळीत तो दाखवला. टीव्ही मोठा, पडदे ओढलेले, मामा फराळाची ताटली घेऊन. प्रेमप्रसंगाला त्यांनी चकली मोडत “चला, पुढे” म्हटलं. संवादांना मान हलवत राहिले. स्फोटाला ताटली खाली ठेवली. संपल्यावर मी विचारलं, “मग मामा? आता काय म्हणणं आहे तुमचं?”

“अगं, फसलेलाच आहे की तो. मी काय वेगळं म्हणत होतो?”

यावर भाचीचं आणि त्यांचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत चाललं, आणि मी मुद्दाम कुणाचीच बाजू घेतली नाही. माझा वाद वेगळाच आहे, आणि तो त्या गाण्याबद्दलचा. स्फोटानंतर डारिया गाडीत बसते, सूर्य मावळत असतो आणि रॉय ऑर्बिसन या गायकाचं एक गोडमिट्टं गाणं सुरू होतं. अंतोनिओनीला ते नको होतं. एमजीएमनं त्याला न जुमानता चिकटवलं, म्हणजे निदान रेकॉर्ड तरी खपेल. सिनेमाचं नाव सुधारलं, लेख आले, भक्त आले. ते गाणं मात्र तिथेच आहे. मामांचं मत असं, की अख्ख्या सिनेमात चाल अशी काय ती तेवढ्या एकाच गाण्याला आहे.